उसाशाचे माप

तिला घरी बोलावणारे लोक आधी भिंत दाखवत. कपाट इथून तिथपर्यंत हवे, खिडकी उघडता आली पाहिजे, वरचा कप्पा पाहुण्यांच्या गाद्यांसाठी. ती मान हलवायची आणि माणसांकडे बघत राहायची. यजमान बसताना गुडघ्यांवर हात टेकवतात का, बाईंचे पाय जमिनीला लागतात की लोंबकळतात, मुलगी वहीवर किती वाकून लिहिते. चहा संपेपर्यंत तिचे अर्धे काम उरकलेले असे. मग पिशवीतून टेप निघे आणि भिंतीला न लागता यजमानांच्या कोपरापासून जमिनीपर्यंत सोडला जाई.

"अहो, शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय," ते हसून म्हणत.

"शिंप्याचं बरं असतं. शिवण उसवून सैल करता येतं. लाकडाला ती सोय नाही."

आख्खे शहर तिला मापवाली म्हणे. दुकानाच्या पाटीवर वडिलांचे नाव होते, पण पत्ता विचारणारे मापवालीचाच विचारत.

वर्कशॉप वडिलांच्या वेळेपासूनचे. गल्लीच्या टोकाला पत्र्याचे छत, खाली लाकूड आणि भुसा, वर दोन खोल्या. लग्न करून दादा पलीकडच्या रस्त्याला राहायला गेला. तिने लग्न केले नाही, ती वरच्या दोन खोल्यांतच राहिली. लहानपणी ती हातात लाकडी फूटपट्टी घेऊन दिसेल ते मोजत फिरायची, म्हणून दादाने तिचे नाव पट्टी ठेवले. पुढे तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी तो तिला पट्टीच म्हणायचा. "पट्टी, सरस तापला का बघ." "पट्टी, चष्मा कुठे ठेवलाय मी?" चष्मा बहुतेक वेळा त्याच्या कपाळावर असायचा.

दादाचा हात एका खुर्चीवर बसला होता. सरळ पाठ, पाठीला चार आडव्या पट्ट्या, हात नाहीत, बैठक टणक. त्या खुर्चीच्या प्रत्येक भागाचा एक फर्मा होता. फर्मा म्हणजे पातळ फळीतून कापलेला नमुना. तो लाकडावर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवर करवत चालवायची. मागच्या पायाचा फर्मा, पुढच्या पायाचा, पाठीच्या पट्टीचा, बैठकीच्या चौकटीचा. सगळे वर्कशॉपच्या मोठ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, हाताळून हाताळून कडा काळ्या पडलेल्या. त्यांतले मूळचे फर्मे वडिलांनी कापले होते, पण मागच्या पायाला जरासा बाक दिला तो दादाने. तेवढ्या बाकाने खुर्ची मागे कलंडायची थांबली. दादाच्या पंचवीस खुर्च्या ओळीत मांडल्या तर पाठींवरून ताणलेली दोरी कुठे वर नाही, कुठे खाली नाही. शाळेत त्या होत्या, दवाखान्याबाहेर होत्या, न्हाव्याकडे होत्या. शहरात कुठेही वाट बघायची वेळ आली तर माणूस दादाच्या खुर्चीवर बसूनच बघत असे.

मग हमरस्त्यावर ते मोठे दुकान आले. काचेची भिंत, आत गारवा, सपाट खोक्यांत भरलेली खुर्ची, सोबत वाकडी किल्ली आणि चित्रांचा कागद. भाव असा, की दादाला तेवढ्यात नुसते लाकूडही आणता आले नसते. शाळेने नव्या वर्गासाठी खुर्च्या तिथून घेतल्या. मग दवाखान्यानेही.

"त्यांच्याशी भावात भांडता येणार नाही," ती दादाला म्हणाली.

"मग कशात भांडायचं?"

"भांडायचंच नाही. त्यांना जे जमणार नाही ते करायचं. त्यांची खुर्ची कोणाचीच नसते, म्हणून ती सगळ्यांना विकता येते. आपण ज्याची त्याची करू. माणूस बघून."

दादा रंध्याचे पाते पुसत होता. "आणि दर माणसाला नवा फर्मा कापू? मग खुर्च्यांपेक्षा फर्मेच जास्त होतील."

"फर्मे लागणारच नाहीत."

"असं," दादा म्हणाला, आणि पुन्हा पाते पुसू लागला. पाते तोवर लख्ख झालेले होते.

फर्म्यांच्या जागी तिने लंगडी आणली. लंगडी म्हणजे मापाची खुर्ची. कारागिरांनी ठेवलेले नाव. तिचे पाय लोखंडी नळ्यांचे आणि एकात एक सरकणारे, बैठक पुढेमागे होणारी, पाठ कलणारी, हात वरखाली होणारे, सगळे बोल्टांवर. गिऱ्हाइकाला तिच्यात बसवायचे आणि एकेक बोल्ट ढिला करून हळूहळू बदलत जायचे. माणूस आधी बोलत असतो. ठीक आहे, थोडं वर, नाही नाही, खाली. बोलण्याकडे ती लक्ष देत नसे. थोड्या वेळाने एका ठिकाणी माणूस बोलायचे थांबतो, खांदे उतरतात आणि छातीतून एक लांब उसासा निघतो. तिथे ती बोल्ट घट्ट करायची आणि माप लिहून घ्यायची. "तोंड खोटं बोलतं, उसासा नाही," असे ती कारागिरांना सांगे. वर्कशॉपचा तो नियमच होऊन गेला. उसासा आला की माप झाले.

पाय, पट्ट्या आणि चौकटी अर्ध्या तयार करून ठेवायच्या, मात्र लांबी मापानंतरच कापायची, ही युक्तीही तिचीच. त्यामुळे माणूस बघून केलेली खुर्चीदेखील फार रेंगाळत नसे. लोक ज्यादा भाव देत, वाट बघत आणि वर दहाजणांना सांगत. मोठ्या दुकानाचा मॅनेजर स्वतःच्या पाठदुखीसाठी मागच्या दाराने येऊन लिहायचे टेबल करून घेऊन गेला, तेव्हा पॉलिशवाले काका आठवडाभर तीच गोष्ट सांगत होते. "खोक्यात बांधून देऊ का, म्हणून विचारलं मी त्याला. सोबत चित्रांचा कागद देतो म्हटलं."

दादाला ते नवे काम जमत नव्हते असे नाही. त्याला ते पटत नव्हते. एकदा एक बाई लंगडीत बसून तिसऱ्यांदा पाठ बदलून घेत होत्या. दादा आतून आला आणि म्हणाला, "खुर्ची खुर्चीसारखी असते, बाई. आपण तिच्यात बसायला शिकायचं." बाई उठल्या आणि गेल्या. त्या दिवशी सगळ्या कारागिरांसमोर ती दादाला म्हणाली, "तू आतच बस बरं. गिऱ्हाइकाशी मी बोलत जाईन."

तो आत गेला. ती लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. दिवसभरात तिला ते एकदाही आठवले नाही. पुढे आठवायला लागले तेव्हा मात्र त्याला ताळतंत्र राहिले नाही. भाजी चिरताना आठवायचे, जिना चढताना आठवायचे.

भिंतीचे तसेच. लंगडीला जागा हवी होती, प्लायवूड उभे ठेवायला घोडी हवी होती, आणि मोठी भिंत त्या काळ्या पडलेल्या फळ्यांनी अडवून ठेवली होती. दादा चष्म्याचा नंबर तपासायला गेला होता त्या दुपारी तिने काकांना फर्मे उतरवायला सांगितले.

"दादांना विचारलं का?" काकांनी विचारले.

"संध्याकाळी सांगते त्यांना."

"ठेवू कुठे?"

जागा बघायला तिने मान वर केली. सगळीकडे माल होता. "बघा कुठेतरी," ती म्हणाली. काका जुन्या वळणाचे, लाकूड चिकटवायचा सरस चुलीवर तापवणारे. कुठेतरी म्हणजे त्यांना चुलीजवळ दिसले, आणि तिथून ते एकेक करून सरपणात गेले. दुसऱ्या दिवशी फर्मे मागितले असते तर निम्मे तरी वाचले असते, पण मागितले कोणी नाही.

दादा आला, दारातच थांबला. भिंतीवर खिळ्यांची नुसती भोके उरली होती. "भिंत मोठी दिसते," एवढेच तो म्हणाला. मग चष्म्याचा नवा नंबर सांगितला. हळूहळू त्याचे येणे दुपारपुरते झाले, मग आठवड्यातून एकदा झाले, मग कुणी विचारले तर वहिनी म्हणू लागल्या, "त्यांना आताशा घरीच बरं वाटतं."

घरीच एका सकाळी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी यायच्या आधीच जीभ बरीच सुटली. पहिला स्पष्ट शब्द शिवी होता, आणि तो नर्सला उद्देशून होता. वहिनी ते हसून सांगत आणि सांगतासांगता डोळे पुसत. व्यायाम घ्यायला एक बाई येऊ लागल्या. त्या उंच, मोठ्या पावलांच्या, कुणाची भीड न ठेवणाऱ्या. त्यांच्या धाकाने दादा खाटेवरून उठायचा, डाव्या हातात काठी, उजवीकडे वहिनींचा खांदा, आणि खिडकीपर्यंत जाऊन यायचा. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, बाईंच्या नावाने पुटपुटणे चालू. पण जायचा.

ते बघून आपण दादासाठी काही केले पाहिजे, असे तिला सारखे वाटे, आणि तिला करता येण्यासारखे एकच होते.

तिने लंगडी टेम्पोत घालून दादाच्या घरी नेली. काकांनी आणि तिने मिळून त्याला उचलून बसवले. ती गुडघ्यांवर बसून बोल्ट फिरवू लागली. दादा बोलत नव्हता, नुसता समोर बघत होता. बैठक थोडी खाली घेतली. पाठ थोडी कलवली. अजून खाली. बैठक मागून जरा उतरती केली. गादीची जाडी वाढवून बघितली. आणि मग दादाचे डोळे मिटले, खांदे उतरले आणि उसासा आला. तसा लांब उसासा तिने इतक्या वर्षांत कोणाचा ऐकला नव्हता. तिने बोल्ट घट्ट केला तेव्हा तिला समोरचे नीट दिसत नव्हते.

परतताना जिन्यात व्यायामाच्या बाई भेटल्या. खाली टेम्पोत चढवलेल्या लंगडीबद्दल त्यांनी विचारले आणि तिने सांगितले.

"खुर्ची करताय ते चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण उंच करा. बैठक कडक ठेवा. आराम वाटेल अशी नको, उठावंसं वाटेल अशी हवी. इतकी खाली नका घेऊ. त्यांचा चांगला पायही मग जोर लावणार नाही."

"त्यांना बरं वाटलं हो तिच्यात."

"बरं वाटणारच. नका करू तशी." आणि बाई दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेल्या.

जिन्यात ती आणि त्या बाई, दोघीच होत्या. काका खाली टेम्पोपाशी होते. वर्कशॉपवरच्या आपल्या खोल्यांकडे जाताना तिने ते बोलणे मनात फिरवून बघितले. ज्याला आपण आत बसवले, ज्याची भिंत रिकामी केली, त्याला आता पुन्हा टणक लाकडावर बसवायचे? बाईंना काय, त्यांचा तो कोण लागतो? तिने माप तेच ठेवले. वहिनींना यातले अक्षर सांगितले नाही.

खुर्ची झाली तशी वर्कशॉपमधून आजवर एकही निघाली नव्हती. हात रुंद, डावीकडे पाण्याच्या भांड्याला खोलगट जागा, चष्म्याला खण, पुढे फिरवून आणता येईल अशी फळी, पायांखाली उतरता पाट. दादा तिच्यात बसला की लोण्यात बोट रुतावे तसा रुतायचा. त्याने डाव्या हाताने खुर्चीच्या हातावरचे पॉलिश चाचपले आणि म्हणाला, "काम चांगलं झालंय, पट्टी." कित्येक वर्षांत त्याने तिच्या कामाला चांगले म्हटले नव्हते. त्या शब्दांवर ती महिनाभर जगली.

तिने फोटो काढला आणि मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. खुर्चीत दादा, तोंडावर समाधान. फोटो बघून लोक आत यायला लागले. कुणाला आईसाठी हवी, कुणाला सासऱ्यांसाठी. तशाच चार-पाच खुर्च्या गेल्या, प्रत्येक वेगळ्या मापाची, प्रत्येक उसासा ऐकून केलेली. मोठ्या दुकानात असली वस्तू जन्मात मिळणार नाही, असे लोक म्हणत, आणि ते खरेच होते.

इकडे दादा खिडकीपर्यंत जाईनासा झाला.

आधी म्हणाला, आज नको. मग म्हणाला, इथून दिसते की खिडकी. व्यायामाच्या बाई आल्या की झोपल्याचे सोंग घ्यायचा. वहिनी त्याला जेवण फळीवर आणून देत, तोंड धुवायला भांडे आणून देत. ती भेटायला गेली की वहिनी दारातच तिचा हात धरत. "वन्सं, किती पुण्य घेतलंत तुम्ही. दिवसभर कसे शांत असतात. पूर्वी केवढी चिडचिड करायचे." आणि ती हसून हात सोडवून घ्यायची, चपला काढून आत जायची.

दादाचे उजवे पाऊल सुजलेले दिसू लागले. डाव्या पायाची पोटरीही बारीक झाली; ती बारीक होते आहे हे मापवालीच्या डोळ्यांना वहिनींच्या आधी कळले. कळूनही ती दोनदा गेली, दोनदा परत आली. दुकानाचे कुलूप काढताना काचेतला फोटो नजरेला पडू नये म्हणून मान खाली घालायची.

एका दुपारी ती दादाकडे गेली तेव्हा व्यायामाच्या बाई निघत होत्या. दारात वहिनी उभ्या होत्या, चेहरा उतरलेला.

"मी स्पष्ट सांगते," बाई म्हणत होत्या. "असंच आणखी दोन-तीन महिने गेलं तर पाय वजन घेणार नाहीत. मग मी येऊनही उपयोग नाही. चाकाची खुर्ची आणा आणि दरवाजे रुंद करून घ्या." त्यांनी तिच्याकडे एकदा बघितले. मग खाली उतरून गेल्या.

ती तशीच आत गेली. दादा खुर्चीत होता, फळीवर अर्धा प्यालेला चहा.

"आली पट्टी. मोजायला काही उरलंय का अजून?"

"दादा, उठ."

"कशाला?"

"ही खुर्ची मी परत नेणार आहे."

दादाला आधी थट्टा वाटली. मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितले. "ने की. तुझीच आहे. आधी भिंत नेलीस, आता बूड टेकायची जागा ने."

इतकी वर्षे त्याने भिंतीचा शब्द काढला नव्हता. तिने पाठीमागे हात नेऊन दाराची चौकट धरली.

"ही चुकीची झालीये," ती म्हणाली. "खोल झालीये. तुला उठू देत नाही. त्या बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, उंच कर, कडक कर. जिन्यात सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मापवालीचं माप चुकलं?" दादा म्हणाला. "पेपरात दे."

"माप बरोबर होतं. मी तुझ्या पायांचं घ्यायला हवं होतं. मी आपलं..." ती चौकट सोडून पुढे आली. "तू उसासा टाकलास ना, तेव्हा मला वाटलं, चला, एवढं तरी फिटलं."

"कोणाचं फिटलं?"

दादा खिडकीकडे बघू लागला.

मागे भांडे ठेवल्याचा आवाज झाला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. "तेव्हाच सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आणि मी रोज तुमचे आभार मानतेय. तुम्ही माझ्याकडून मानून घेताय."

"वहिनी..."

"मला एक शब्द सांगायचा होतात. मी त्यांना यात टेकूसुद्धा दिलं नसतं." त्या आत गेल्या आणि नळ मोठा सोडून भांडी घासायला बसल्या.

ती वर्कशॉपमध्ये परतली. नवी खुर्ची करायला वेळ लागला असता. दादाच्या हातची जुनी मिळाली तर उंचीही बाई म्हणाल्या तीच, टणकपणाही तोच. पण फर्मे नव्हते, आणि शाळा-दवाखान्यातल्या खुर्च्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. न्हाव्याकडे जाऊन मागावी असा विचार करत ती बिलाच्या टेबलाशी बसली. आणि बसल्याबसल्या तिला कळले की आपण कशावर बसलो आहोत. वडिलांच्या वेळेपासून ती त्याच खुर्चीवर बसत होती. चार पट्ट्या, सरळ पाठ, मागच्या पायाला बाक. तिला ती चांगलीच उंच पडे. शहरभराच्या पायांना जमीन मिळवून देणारी बाई स्वतः आयुष्यभर चवड्यांवर बसत आली होती. स्वतःचे माप घ्यायचे कधी सुचलेच नाही.

तिने खुर्ची उचलली आणि चालत नेली. रस्त्यात लोक बघत होते. मापवाली डोक्यावर खुर्ची घेऊन का निघाली, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दादाने खुर्चीकडे बराच वेळ बघितले. "उलटी कर," तो म्हणाला. तिने केली. त्याने डावा हात पुढे करून बैठकीखालचे जोड एकेक चाचपले. "हा सुटत आलाय. सरस पातळ लावला होता. काकांचं काम. कितीदा सांगितलं, पाणी कमी घाला." मग म्हणाला, "एवढी कशी काय राहिली?"

"मी बसते तिच्यावर."

"तुझे पाय पोचतात?"

"नाही."

दादाच्या तोंडातून हसण्यासारखे काहीतरी निघाले. "मग बोलली नाहीस कधी ते."

त्याला एकीवरून दुसरीवर आणायला वहिनींची मदत लागली. वहिनी आल्या, नणंदेकडे न बघता त्यांनी नवऱ्याला काखेतून धरले. त्या टणक बैठकीवर दादा ताठ बसला. दुसरे काही करताच येत नव्हते. उसासा आला नाही. तोंड कसनुसे करून तो म्हणाला, "ही खुर्ची केली कुठल्या गाढवाने? हाडं टोचतात."

"तूच केलीस."

"तेच म्हणतोय."

त्या दिवशी तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी उठवायचा प्रयत्न केला. तो अर्धा उठला आणि धप्पकन बसला. पण त्याला त्या खुर्चीवर फार वेळ बसवेना हे खरे. दुखायला लागले की तो चुळबुळायचा, चुळबुळता चुळबुळता पुढे सरकायचा, आणि पुढे सरकला की डावा पाय आपोआप जमिनीला रेटायचा. पंधरवड्याने तो काठीच्या आधाराने उभा राहिला. वहिनींनी फोन करून सांगितले, "आज उभे राहिले." एवढेच बोलून ठेवून दिला. वन्सं म्हटले नाही.

पूर्वीइतके चालता काही त्याला आले नाही. बाईंनी सांगितले की मधले महिने गेले ते गेले. उजवा पाय आता ओढावाच लागेल. तो खिडकीपर्यंत जातो, पाय ओढल्याचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जातो. ती भेटायला जाते तेव्हा तो आवाज जिन्यात तिच्या कानावर पडतो, आणि तो थांबेपर्यंत ती घंटी वाजवत नाही.

ती खोल खुर्ची तिने वर्कशॉपमध्ये परत आणली. काका म्हणाले, पॉलिश फिरवून एखाद्या गिऱ्हाइकाला देऊ. तिने नाही म्हटले आणि स्वतः करवत घेऊन तिचे पाय कापले, हात कापले, रुंद हातांचे चौकोनी ठोकळे केले, प्रत्येकाला मध्ये खुर्चीचा पाय बसेल एवढी खोलगट जागा पटाशीने कोरली. काचेतला फोटो काढला. मग ठोकळे पिशवीत भरून तशी खुर्ची जिथेजिथे गेली होती तिथेतिथे निघाली.

लोकांना समजावणे सोपे नव्हते. एका घरी मुलगा म्हणाला, "तक्रार केलीच नाही आम्ही." ती म्हणाली, "मी करतेय." दुसऱ्या घरी आजोबा वारले होते, खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. ते शेवटी शेवटी चालत होते का, हे विचारायला ती तोंड उघडून राहिली आणि न विचारताच पायऱ्या उतरली.

शेवटच्या घरी एक आजी होत्या, गोऱ्या, बारीक, तोंडाने तिखट. तिने चारी पायांखाली ठोकळे सरकवले, गादी काढून तिथे फळी टाकली आणि आजींना बसवले.

"अगं, ही काय उंची झाली? पाय टेकून घ्यायला पुढे सरकावं लागतंय," आजी म्हणाल्या.

"हो."

"आधीची किती छान होती. अशी मस्त झोप लागायची."

"हो, आजी."

"मग बिघडवलीस कशाला? तू तर मापवाली ना?"

ती त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली होती, एक हात ठोकळ्यावर. "आता उठून दाखवा," ती म्हणाली.

आजी कुरकुरल्या. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून पुढे सरकल्या, ओठ घट्ट मिटले, आणि थरथरत उठू लागल्या. सवयीने तिचा हात धरायला पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि टेप न उघडता नुसती बघत राहिली, आजींचे गुडघे सरळ होईपर्यंत.